दादाला तोंडाचा कॅन्सर निघाला आणि माझी तंबाखू अजून सुटेना

थर्डशिफ्ट, भोसरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ३८ चा, भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, तिन्ही शिफ्ट फिरत्या. तंबाखू-चुना दहावीपासून. माझा थोरला भाऊ ४४ चा, आम्ही त्याला दादा म्हणतो, पहिली चिमूट त्याच्याच पुडीतली होती पण त्याला दोष नाही देत, मी चोरून घेतली होती. गणपतीच्या सुमारास त्याची खालची डावीकडची दाढ हलायला लागली, गालात आतून पांढरा चट्टा तर वर्षभर होता, तिखट खाल्लं की डोळ्यात पाणी यायचं. जवळच्या एका दवाखान्यात दाढ काढून टाकली. ती जखम महिना झाला तरी भरेना आणि तिथं नुसत्या गोळ्या बदलून देत राहिले. शेवटी वहिनीनं जवळजवळ ओढतच मोठ्या हॉस्पिटलला नेलं, तुकडा तपासायला घेतला, आठ दिवसांनी रिपोर्ट, कॅन्सर. बारा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं, खालचा अर्धा जबडा काढलाय, मानेतल्या गाठी काढल्यात, छातीवरचं मांस घेऊन गाल केलाय. नाकातून नळी आहे, त्यातनंच सगळं. महिनाभरानं लाईट (रेडिएशन) सुरू करणार म्हणतात, ३० सांगितल्यात, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

आता माझं. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी आईसमोर पुडी आणि चुन्याची डबी गटारात टाकली. सगळ्यांना वाटलं सोडली. आणि त्याच रात्री अडीच वाजता शेजारच्या मशीनवाल्याकडनं मागून खाल्ली. तेव्हापासून उलट वाढलीय, आधी दिवसाला एक पुडी जायची आता दोन जातात. हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन बार भरतो, थुंकतो, तोंड धुतो, बडीशेप खातो आणि परत दादाच्या उशाशी येऊन बसतो. त्याला बोलता येत नाही, पाटीवर लिहितो. परवा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि पाटीवर लिहिलं, "तोंड उघड". मी काहीतरी बोलून विषय बदलला. २६ वर्षं खाल्लीय त्यानं, त्याला वास कळणार नाही तर कुणाला कळणार.

त्यामुळं भीती दाखवू नका प्लीज, भीती रोज समोर कॉटवर आहे, तिनं सुटत नाही एवढं मला कळलंय. मला हे सांगा की प्रत्यक्षात सोडलीत कशी. तीनदा प्रयत्न केलाय, तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला लागतं, बायकोवर पोरांवर ओरडतो, आणि सकाळी तंबाखू ठेवल्याशिवाय पोट साफ होत नाही, लिहायला लाज वाटते पण खरंय ते. रात्रपाळीत तर डोळेच उघडे राहत नाहीत.

अजून दोन गोष्टी. माझ्या उजव्या गालात जिथं बार ठेवतो तिथली कातडी जाड आणि पांढरट झालीय, दुखत नाही. आणि आई ६७ ची आहे, दिवसातनं तीनदा मिश्री लावते, ती म्हणते तंबाखू तव्यावर जाळल्यावर तिच्यात राहतंय काय.

इंद्रायणीकाठ

भाऊ, तुझं वाचून दोनदा फोन खाली ठेवला. मी आळंदीचा, वय ५२, माळकरी. माळ घालून १९ वर्षं तंबाखू खाल्ली, दिंडीत चालताना पण खाल्ली, विसाव्याला बसलं की आधी चंची निघायची मग पाण्याची बाटली. हे अशासाठी सांगतो की कुणी ना कुणी तुला म्हणेल शपथ घे, माळ घाल, पोरांच्या डोक्यावर हात ठेव. घाल, जरूर घाल, पण ती घालून सुद्धा रात्री अडीचला तलफ येणारच आहे आणि तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

माझी सहा वर्षांपूर्वी सुटली, चौथ्या प्रयत्नात. पहिल्या तीन वेळा मी काय करायचो तर नुसतं "आजपासून बंद". चौथ्या वेळी आधी आठ दिवस काहीच सोडलं नाही, फक्त खिशात छोटी वही ठेवली आणि प्रत्येक बार कधी भरला ते लिहीत गेलो. दिवसाला १४ निघाले. त्यातले चार-पाचच असे होते की ज्यांच्यावाचून खरंच जीव जात होता, सकाळचा उठल्या उठल्याचा, जेवणानंतरचे दोन, संध्याकाळचा टपरीवरचा. बाकी सगळे नुसते हाताला सवय म्हणून, कुणी मळायला लागला की आपण हात पुढं करायचा, एवढंच. मग त्या चार-पाचांची सोय केली. सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी आणि बाहेर चालायला, पोटाचा प्रश्न मला पण होता, रात्री इसबगोल घ्यायचो, पपई खायचो, पंधरा-वीस दिवस त्रास झाला मग आपोआप लागलं वळण. जेवण झालं की लगेच दात घासायचे. घासलेल्या तोंडात तंबाखू ठेवावीशी वाटत नाही, बघ करून. टपरीचा रस्ताच बदलला, अर्धा किलोमीटर लांबून जायचो.

तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांची असते, मग उतरते. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं की खाईपर्यंत वाढतच जाणार. वाढत नाही. पाणी पी, तोंडात लवंग नाहीतर बडीशेप टाक, मशीनपासून दोन मिनिटं लांब जाऊन ये.

आणि शेजारच्या मशीनवाल्याला स्पष्ट सांग, मी मागितली तरी देऊ नको. चोरून सोडता येत नाही भाऊ. मी चोरून सोडायचो म्हणून चोरून परत सुरू पण करता यायची.

हडपसर_७७

मी तर म्हणतो निश्चय हवा फक्त. मी १५ वर्षं मावा खायचो, मुलगी झाली त्या दिवशी टाकला तो टाकलाच, एक गोळी नाही की काही नाही. निकोटिनची गम वगैरे सगळी धंदेवाल्यांची कामं आहेत. सख्खा भाऊ समोर पडलाय आणि तरी जिन्यात जाऊन खातो म्हणजे मनापासून सोडायचंच नाहीये.

दातांची डॉक्टर, कात्रज

@हडपसर_७७ तुमची एका दिवसात सुटली याचा खरंच आनंद आहे, पण ज्याची सुटत नाही त्याला सोडायचंच नाही असं नसतं हो. मी डेंटिस्ट आहे, खुर्चीत बसून रडणारी माणसं बघितलीत, सोडायची इच्छा नव्हती असं त्यातल्या एकालाही म्हणणार नाही.

थर्डशिफ्ट भाऊ, आधी तुमच्या गालाबद्दल, बाकी सगळं नंतर. पांढरा जाड चट्टा म्हणजे कॅन्सरच असं अजिबात नाही, तंबाखू थांबवल्यावर काही चट्टे मऊ पडून जातात सुद्धा. पण कुठला साधा आणि कुठला नाही हे आरशात बघून ना तुम्हाला कळेल ना फोटो बघून मला. दुखत नाही यावर तर बिलकूल जाऊ नका, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, तिथंच सगळे फसतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेली कुठलीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, काढलेल्या दाढेची न भरलेली जागा, हे सगळं दाखवायचंच. ससून हॉस्पिटलला जा नाहीतर कुठल्याही डेंटल कॉलेजला जा, तिथं तोंडाचे आजार बघणारा वेगळा विभाग असतो आणि खर्च फार नसतो, बऱ्याच कॉलेजात तंबाखू सोडवायचं केंद्र पण तिथंच असतं. तुकडा काढायला सांगितला तर काढून घ्या, तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो हे खरं नाही, त्या भीतीनं लोक सहा-सहा महिने घालवतात. घरी एक करून बघा, तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का? नसतील जात तर ते पण डॉक्टरांना सांगा.

आता तिसऱ्या दिवशी डोकं का फुटतं. चुना लावला की तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या पातळ कातडीतून थेट रक्तात जातं, शिवाय चुन्यानं ती कातडी भाजते ते वेगळंच. तुम्ही दिवसभर गालात बार धरताय म्हणजे शरीराला दिवसभर निकोटिन चालूच आहे. ते एकदम बंद केलं की दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप उडणं, बद्धकोष्ठ, कामात लक्ष न लागणं, हे सगळं दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. तुम्ही तिन्ही वेळा नेमके सगळ्यात उंच चढावर परत फिरलात. हा मनाचा कमकुवतपणा नाही.

यासाठीच निकोटिनची गम असते. २ मिलिग्रॅमची मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते, आणि उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर बहुतेक ४ चीच लागते, तुमचं वाचून मला तरी तसंच वाटतंय, पण ते दाखवायला जाल तेव्हा ठरवा. लोक ती साध्या चुइंगमसारखी कचाकचा चावतात आणि मग म्हणतात घशात जळजळ झाली, काही उपयोग नाही. हळूहळू चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या किंवा तिखटसर चव आली की चावणं थांबवून गालात एका बाजूला ठेवायची, झिणझिण्या गेल्या की परत दोन-चारदा चावायची आणि दुसऱ्या बाजूला ठेवायची, असं अर्धा तास. ठेवताना चट्ट्याची बाजू टाळा. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक काही नाही, आंबट झालेल्या तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. सुरुवातीला तास-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी करत तीनेक महिन्यांत बंद. वर तंबाखू खायची नाही हे सांगायला नको. तोंड कमी उघडत असेल, चावणं जमत नसेल तर पट्टी मिळते कातडीला चिकटवायची. याशिवाय गोळ्या पण आहेत पण त्या डॉक्टरांनी तपासून दिल्या तरच घ्या, त्यातली एक फिट येणाऱ्यांना चालत नाही.

आणि कृपा करून तंबाखूच्या जागी सुपारी सुरू करू नका. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा कितीतरी पेशंट मला अभिमानानं सांगायचे की गुटखा सोडला, आता नुसती सुपारी नाहीतर मावा. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, त्यात सुटलं काय? नुसती सुपारी सुद्धा कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच तिला त्या यादीत टाकलंय, आणि तोंड हळूहळू बंद होत जातं तो आजार सुपारीचाच. एकदा तोंड आखडलं की सुपारी सोडून सुद्धा पूर्ण पहिल्यासारखं उघडत नाही.

दादांचं एक राहिलं. लाईट सुरू व्हायच्या आधी त्यांचे राहिलेले दात डेंटिस्टनं तपासलेत का हे आवर्जून विचारा. किडलेले दात काढायचे असतील तर आधीच काढून जखम भरू द्यावी लागते, लाईटनंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, फार त्रास होतो. आणि तोंड उघडायचे व्यायाम सांगितले असतील तर ते चुकवू देऊ नका.

धाकटी सून

भाऊ, मिश्रीचं मी सांगते, आमच्या सासूबाईंचं मी जवळून बघितलंय. जाळली म्हणून निकोटिन जात नाही, गेलं असतं तर त्यांना सकाळी मिश्री नाही मिळाली की हात कापायला का लागले असते? तुमच्या आईला पण एखाद दिवस मिश्री नसली की काय होतं ते आठवून बघा.

आम्ही आधी सगळं चुकीचं केलं. डबी लपवली, मोठ्या नणंदेनं तर फेकून दिली. त्यांनी शेजारच्या मावशींकडून आणून लावली आणि आमच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. नंतर एकदा निवांत बसून विचारलं की अहो आई, सुरू कधी केली. तर कळलं की २२ व्या वर्षी दाढ दुखायची, तेव्हा त्यांच्या सासूनं लावायला दिली होती. म्हणजे ४० वर्षं ती एका दाढेवरची औषध होती! बघायला गेलो तर तोंडात तीन दाढा किडलेल्या, मिश्रीनं बधिर राहायच्या म्हणून कळायचं नाही. दाढांचं काम आधी करून घेतलं. मग तीनदाची दोनदा, दोनदाची एकदा, रात्रीची शेवटी गेली कारण त्याशिवाय झोप येत नाही म्हणायच्या. त्या जागी साधी पेस्ट आणि बोट, ब्रश नको म्हणाल्या, म्हटलं चालेल. सगळं मिळून पाच महिने लागले. हे त्यांना कुणी कॅन्सरची भीती घालून झालं नाही, दाढ दुखायची थांबली म्हणून झालं.

आणि वहिनींना सांगा भाऊ. त्या माउलीनं नवऱ्याला ओढत नेलं म्हणून वेळेत कळलं. त्यांच्या पाठीमागं जिन्यात जाऊन तुम्ही जे ओझं वाहताय ते त्यांना माहीत असलेलं बरं. त्या रागावतील. रागावू देत.

पेशंटचा मुलगा

थोडक्यात दोन कामाच्या गोष्टी. तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाईन १८००-११-२३५६, फुकट आहे, मराठीत बोलतात, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. एकदा नाव नोंदवलं की पुढं तेच परत फोन करून विचारतात. तुमच्या पुडीवरच छापलाय तो नंबर.

दुसरं, खर्चाचं काही लिहिलं नाहीत पण लाईट आणि किमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या कामात मदत करणारा माणूस) भेटा. आम्ही हे उशिरा विचारलं, तोपर्यंत वडिलांच्या पहिल्या ऑपरेशनला बायकोचे दागिने गेले होते.

इंद्रायणीकाठ

@हडपसर_७७ दादा, रागावू नका, पण जिन्यात जाऊन खाणारा मी पण होतो, माझ्या वडिलांच्या दहाव्याला घाटामागं जाऊन खाल्ली होती. माणूस नालायक असतो म्हणून नाही खात. तुम्ही सोडलीत तशी सगळ्यांची सुटली असती तर पुण्यात एक टपरी उरली नसती.

थर्डशिफ्ट, मध्ये एखादा बार खाल्ला गेला तर सगळं गेलं असं समजू नको, पुडी विकत घेऊ नको एवढंच. एक खाल्ली आणि पुडी आणली यात लई अंतर आहे.

हडपसर_७७

बरोबर आहे तुमचं. मी लिहायला नको होतं तसं. थर्डशिफ्ट, माफ कर मित्रा.

थर्डशिफ्ट, भोसरी

सगळ्यांचे आभार, हडपसरवाले तुमचे पण, तुम्ही लिहिलेलं मी स्वतःला रोजच म्हणत होतो.

उशिरा लिहितोय कारण लिहिण्यासारखं काही व्हायची वाट बघत होतो. आज अकरावा दिवस. वहिनीला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, नळीतून दूध सोडत होती, ते संपवलं, नळी धुतली आणि मग म्हणाली तुमच्या दादाला तुम्हीच सांगा. सांगितलं. त्यानं पाटी घेतलीच नाही, मोबाईलची बॅटरी लावली आणि खूण केली. तोंड उघडलं. त्यानं उजवीकडं बोट दाखवलं, म्हणजे डॉक्टरांच्या आधी त्यालाच दिसला चट्टा. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळीच डेंटल कॉलेजला गेलो. तुकडा घेतलाय, रिपोर्ट मंगळवारी. तीन बोटं जातात. गम त्यांनी ४ ची लिहून दिली.

चौथ्या दिवशी एक बार खाल्ला, खोटं कशाला सांगू, घरी भांडण झालं होतं. पुडी नाही आणली. वही ठेवलीय, आधीचे १७ निघाले होते. पोटाचा त्रास आहे अजून पण इसबगोलनं कमी आहे. शेजारच्या मशीनवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला मला पण ती वही कशी ठेवायची ते दाखव. दादाचे दात तपासायचे राहिलेच होते, ताई तुम्ही लिहिलं म्हणून विचारलं, दोन काढायला सांगितलेत, शुक्रवारी काढणार. योजनेचे कागद पण दिलेत. आईला अजून काही म्हटलं नाही, पण डॉक्टरकडं दाढ दाखवायला येते का विचारलं तर हो म्हणाली, दुखते म्हणे डावीकडं.

एक विचारायचं होतं, गम खाल्ली की उचक्या लागतात मला, पंधरा-वीस मिनिटं थांबत नाहीत. काही चुकतंय का?

दातांची डॉक्टर, कात्रज

भरभर चावताय किंवा लाळ गिळताय. निकोटिन पोटात गेलं की उचक्या, मळमळ होते, आणि तंबाखू खाणाऱ्याला तोंडात रस साठला की गिळायची नाहीतर थुंकायची सवय असते, दोन्ही नको. दोन-तीनदा चावून जास्त वेळ ठेवा, रस कमी सुटेल. तरी थांबल्या नाहीत तर कॉलेजला सांगा, डोस बदलून देतील. आईंना एकदा डावीकडं नीट बघून घ्या म्हणावं, नुसती दाढ नाही, तिच्या शेजारची हिरडी आणि गाल पण. मंगळवारी रिपोर्ट आला की इथं लिहा, मी बघतेय.